एका दमात

बारा वर्षं तिनं पथारीवर मिरची खुडली.
देठ इकडं, फळ तिकडं,
नाकातोंडाला पदर, डोळे लाल,
आणि संध्याकाळी पुन्हा चुलीपुढं:
पऱ्हाट्या, ओली काटकं, फुंकणी.
मी तेव्हा नंदुरबार–शहादा गाडीवर
तिकिटं फाडत होतो, माणसं मोजत होतो.
तिचा खोकला मोजायचं लक्षात आलं नाही.
घरात माझी विडीही होती. तीही धरा हिशोबात.

आता रिटायर झालोय, तरी काम तेच.

डॉक्टर पाडवींनी भिंतीवर लावायला कागद दिलाय,
हिरवा, पिवळा, लाल.
कागद बरोबरच आहे, पण माझं माप वेगळं.
एका दमात ती किती शब्द बोलते, ते मी मोजतो.
बऱ्या दिवशी शेजारच्या कोकिळाबाईचं अख्खं खानदान
एका दमात उद्धरते, वर माझ्या आईचंही.
बारा, चौदा. मी निवांत चहा टाकतो.
सहावर आली की पंप आणि नळकांडं उशाशी.
चारवर आली की डबा उघडायचा,
पाच दिवसांच्या गोळ्या, सकाळी, काहीतरी खाऊन,
आणि बेडक्याचा रंग बघायचा.
पांढरा असला तर थांबू,
हिरवट असला तर दुसरी पट्टी.
बाजारात वांगी पारखावीत तसा
बायकोच्या खाकरण्याचा रंग पारखीन,
असं लग्नात कुणी सांगितलं नव्हतं.
एकाच शब्दावर आली, तर इकबालची रिक्षा.

पोरगा सुरतेहून फोन करतो, "आई कशी आहे?"
मी म्हणतो, "नऊ."
तो गप्प राहतो, मग पैशांचं विचारतो.

तिला हे मोजणं कळलं, त्या दिवशी
तिनं तोंडच मिटलं. दोन दिवस. शून्य.
त्या दोन दिवसांत मी चारदा उठून
तिच्या नाकाशी हात धरला.

पौषातली रात्र.
बायपासच्या पथाऱ्यांवरून वारा
तिखट घेऊन गल्लीत शिरला.
खाटेच्या कडेला बसली, हात गुडघ्यांवर,
खांदे कानांना टेकलेले.
"दिवा... नको..."
दोन. तेही तुटून.
मशीन लावलं, वाफ निघाली, आणि लाइट गेली.
इन्व्हर्टरला ठेवलेले पैसे
मागच्या खेपेला दवाखान्यात गेले होते.
पंप दाबला. थांबलो. पुन्हा दाबला.
बोटाला चिमटा. अठ्ठ्याऐंशी.
मोबाइलवर इकबालचं नाव काढून ठेवलं,
अंगठा त्याच्यावर.

सिव्हिलमध्ये व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली होती,
आजी, ओठ असे करा, मेणबत्ती विझवल्यासारखे.
नाकानं घ्या, तोंडानं हळू सोडा.
तेव्हा ही हसली होती,
"मेनबत्ती कोनी देखी, माय? मी ते जलमभर फुकनीच फुकी."
नऊ शब्द. चांगला दिवस होता तो.

अंधारात तिनं ओठ तसेच केले
जसे चाळीस वर्षं चुलीपुढं केले होते.
धूर ज्या ओठांशी रोज भांडला
त्याच ओठांतून अडकलेली हवा
उसनवारी फेडावी तशी
थोडी थोडी बाहेर येऊ लागली.
समोर बसून मीही ओठ केले.
दोन मोजून आत. चार मोजून बाहेर.
खाटेच्या लोखंडावर बोटानं वाजवत होतो,
एक घंटी, थांब.
दोन घंट्या, चल.
सव्वातीनला एकोणनव्वद, मग पुन्हा अठ्ठ्याऐंशी,
मग कधीतरी एक्याण्णव.

कोंबडं आरवलं तेव्हा म्हणाली,
"तुम्ही झोपा आते. मी शे."

पाच असतील.
की तीन, आणि मग दोन?
मधे तिनं दम घेतला की नाही
हे माझ्याच घोरण्यात हुकलं.
पंप उशाशी राहू दिला,
अंगठा मात्र फोनवरून काढला.